बिनतारखेचा विसर्ग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘खडकवासल्यातून प्रचंड पाणी सोडले आहे, नदीकाठच्यांनी ताबडतोब घरे सोडावीत, सर्व ग्रुपवर पाठवा.’ सोबत कधी फेसाळत्या पाण्याचा व्हिडिओ, कधी वर्तमानपत्राचे कात्रण, कधी घाबऱ्या आवाजातली व्हॉइस नोट. समाजमाध्यमांवरच्या खोट्या माहितीचा विषय निघाला की बोलणे लगेच राजकारणाकडे वळते. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही या पत्रात पाण्यापुरतेच लिहीत आहोत. पाण्याच्या अफवेत नुकसान दोनदा होते. पहिल्या वेळी लोक विनाकारण घाबरतात, आणि ते खोटे निघाले की पुढच्या वेळी खरी सूचना आली तरी पार्किंगमधली गाडी कोणी हलवत नाही.

यातला बहुतेक मजकूर कोणी मुद्दाम बसून रचलेला नसतो. तो कधीतरी, कुठेतरी खराच होता. विसर्गाचा, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचा, आकडा गेल्या वर्षीचा असतो, व्हिडिओ दुसऱ्या धरणाचा असतो, सुटीचे पत्र तीन वर्षांपूर्वीचे असते. वाटेत त्याची तारीख आणि जागा तेवढी गळून पडलेली असते. म्हणून ‘हे खरे आहे का?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. ‘हे कधीचे आणि कुठचे?’ असे विचारले की निम्म्याहून अधिक अफवा तिथेच बसतात.

पुण्यात ही अफवा इतकी लागू पडते त्याला कारण आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने १८७९ साली बांधून झालेले खडकवासल्याचे धरणही फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतर जन्मलेल्यांच्याही मनात ‘पानशेत’ हा शब्द धोक्याची घंटा म्हणूनच बसला आहे. त्यात २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि भरदिवसा झोपड्यांत पाणी शिरले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेत असताना पाणी आले. या चारही घटना खऱ्या, चारहींची कारणे निराळी, आणि शेवटच्या तिन्हींची मोबाइलवर काढलेली दृश्ये आजही लोकांच्या फोनमध्ये आहेत. कालव्याचा व्हिडिओ पुढच्या कुठल्याही जुलैत ‘धरण फुटले’ म्हणून चालून जातो. ज्याने तो पाठवला त्याला तो खोटा आहे असे वाटतही नसते, कारण त्यातला दांडेकर पूल त्याच्या ओळखीचा असतो.

आकड्यांपासून सुरुवात करू. विसर्गाची अफवा तपासायला कागद-पेन पुरते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण दहा लाख लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. खडकवासला साखळीत चार धरणे आहेत आणि त्यांचा उपयुक्त साठा असा: वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला अवघा १.९७. एकूण २९.१५. पुणेकर ज्याला ‘धरण’ म्हणतात ते खडकवासला या चौघांत सगळ्यात लहान आहे, हे नीट लक्षात घ्यावे. आता समजा, ‘खडकवासल्यातून पाच लाख क्युसेक सोडले’ असा मेसेज आला. १.९७ टीएमसीला पाच लाखांनी भागले की ३,९४० सेकंद येतात. म्हणजे काठोकाठ भरलेले धरण तासाभरात कोरडे पडले पाहिजे. एक लाख धरले तरी साडेपाच तासांत. असे आकडे वाचले की मेसेज तिथेच सोडून द्यावा. याउलट ३५ हजार हा आकडा शक्य कोटीतला आहे. २०२४ च्या पुरात विसर्ग त्याच घरात होता. हा विसर्ग आठ तास चालला तर एक टीएमसी पाणी खाली जाते. वरची धरणे भरलेली असतील आणि पाणलोटात पाऊस चालू असेल, तर खडकवासल्याकडे साठवायला जागाच उरत नाही. जेवढी आवक तेवढे सोडावे लागते. त्यामुळे ‘धरण १०० टक्के भरले’ हे वाक्य एकटे आले तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पावसाळ्यात हे धरण अनेक वेळा भरते.

आकड्याच्या पुढे कोणते माप लिहिले आहे तेही पाहावे. काही पत्रकांत क्युसेक असते, काहींत क्युमेक, म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. मूळ पत्रकात ‘१,००० क्युमेक’ असेल आणि पुढच्याने ते ‘१,००० क्युसेक’ असे टाइप केले, तर ३५ हजारांचा पूर ओढ्याएवढा दिसतो. उलट झाले तर ओढ्याचा महापूर होतो. टंकणाऱ्याच्या एका अक्षराने हे घडते. त्यामागे कुणाचा कट नसतो.

मग नदी कोणती ते विचारायचे. ‘पुण्यात पूर’ असे काही नसते. खडकवासल्याचे पाणी मुठेत येते. ते सिंहगड रस्ता, एकतानगरी, खिलारेवाडी, डेक्कनची पुलाची वाडी, भिडे पूल या बाजूला लागते. मुळशीचे पाणी मुळेत येते. बालेवाडी, बाणेर, औंध या लोकांनी तिकडे लक्ष द्यायचे. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडमधून येऊन दापोडीच्या बाजूला मुळेला मिळते. मुळा आणि मुठा संगमावर एकत्र येतात, त्यामुळे ताडीवाला रस्त्यावरच्यांना दोन्हींचा विचार करावा लागतो. आंबिल ओढ्याचा तर कुठल्याही मोठ्या धरणाशी संबंध नाही. तो कात्रजच्या डोंगरातून आणि तिथल्या तलावांकडून येतो आणि सहकारनगर, दत्तवाडीमार्गे मुठेला मिळतो. त्याचा पूर कात्रज-धनकवडीच्या पावसाने येतो, आणि खडकवासल्याचा विसर्ग शून्य असतानाही येऊ शकतो. पवनेच्या विसर्गाचा मेसेज विठ्ठलवाडीच्या ग्रुपवर कोणी टाकला आणि लोक रात्रभर जागले, तर मेसेज खरा असूनही तो अफवाच ठरला.

व्हिडिओचे तपासणे थोडे अधिक वेळखाऊ आहे, पण पाच मिनिटांत होते. व्हिडिओ मोठ्या दृश्यावर थांबवावा. नुसते पाणी दिसते तिथे थांबवून उपयोग नाही, कारण फेस सगळीकडे सारखाच दिसतो. दरवाजे, पूल, डोंगररेषा, दुकानाची पाटी, वीजखांब यांपैकी काहीतरी चौकटीत हवे. त्याचा स्क्रीनशॉट काढून, वरचा-खालचा चिकटवलेला मजकूर कापून, गूगल लेन्सला द्यावा. जे निकाल येतील त्यांत सगळ्यात जुना शोधावा. सगळ्यात वर आलेला नव्हे. तेच दृश्य दोन वर्षांपूर्वी कुठेतरी चढवलेले सापडले की प्रश्न मिटला. काहीच सापडले नाही तर मात्र ‘म्हणजे हे आजचेच’ असा निष्कर्ष काढू नये, कारण शोधयंत्राकडे प्रत्येक व्हिडिओ नसतो. आणि दृश्य आरशासारखे उलटे करून टाकलेले असेल तर लेन्स फसते. दुकानांच्या पाट्या उलट्या वाचाव्या लागतात का, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालल्या आहेत का, हे आधी बघावे. गाड्यांच्या नंबरपाट्या दिसत असतील तर फारच उत्तम: बहुतेक पाट्या एमएच १२ किंवा एमएच १४ नसतील तर ते पुणे असण्याची शक्यता कमी.

धरण ओळखता आले तर निम्मे काम होते. खडकवासला हे दगडी बांधणीचे, एका ओळीत अकरा दरवाजे असलेले, मध्यम उंचीचे धरण आहे. दोन उंच डोंगरांच्या अरुंद खिंडीतून पाण्याचा उंच झोत उसळताना दिसत असेल तर ते खडकवासला नव्हे. चीनमध्ये पिवळ्या नदीवरच्या शिआओलांगदी धरणातून गाळ बाहेर काढण्यासाठी सोडलेल्या चॉकलेटी पाण्याचे व्हिडिओ भारतातल्या कितीतरी धरणांच्या नावावर खपवले गेले आहेत. टेमघरच्या भिंतीतून पाझरणाऱ्या पाण्याची जुनी दृश्येही अशीच फिरतात. तिथल्या गळतीची दुरुस्ती २०१६ नंतर हाती घेतली गेली, पण फोटोत दुरुस्तीची तारीख नसते. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले होते, तिथली दृश्येही पावसाळ्यात दुसऱ्या गावांचे नाव घेऊन वर येतात.

फोटोच्या बाबतीत एक चूक शिकलेली माणसेही करतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत तो कधी आणि कुठे काढला ही कॅमेऱ्याने नोंदवलेली माहिती शिल्लक राहत नाही. पाठवतानाच ती पुसली जाते. अँड्रॉइड फोनमध्ये मात्र फाइलचे नाव ‘आयएमजी-२०२४०७२५-डब्ल्यूए००१२’ अशा धर्तीचे दिसते, आणि लोक त्यावरून ‘बघा, २५ जुलैचाच आहे’ म्हणतात. ती तारीख फोटो त्या फोनवर आला त्या दिवसाची असते. दहा वर्षांपूर्वीचा फोटो आज आला तरी फाइलच्या नावात आजचीच तारीख दिसेल. पाठवणाऱ्याने स्वतः काढलेला असेल तर त्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. तशा पाठवलेल्या फाइलमध्ये मूळ नोंद सहसा टिकते. तो पाठवू शकत नसेल तर फोटो बहुधा त्याचा नाही, एवढे तरी कळते.

आता सुटीची पत्रे. ‘उद्या सर्व शाळांना सुटी’ हे जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचे पत्र पुण्यात दर जोराच्या पावसात फिरते आणि कधीकधी ते खरेही असते, हीच अडचण. जुन्या पत्रावर नवी तारीख बसवणारा माणूस बहुधा वार बदलायला विसरतो. २५ जुलै २०२४ ला गुरुवार होता. २५ जुलै २०२५ ला शुक्रवार. दिनदर्शिकेत तारीख आणि वार जुळतात का हे बघायला दहा सेकंद लागतात. जावक क्रमांकात वर्ष असते, तेही पाहावे. पत्रात तालुक्यांची नावे असतात. मुळशी, मावळ, राजगड (पूर्वीचे वेल्हे) या घाटाकडच्या तालुक्यांपुरता आदेश काढलेला असताना कात्रणात फक्त ‘शाळांना सुटी’ एवढेच उरते. राज्य सरकारचा शासन निर्णय म्हणून काही आले तर शेवटच्या पानावर अठरा आकडी संकेतांक असतो. त्यातले पहिले आठ आकडे वर्ष, महिना आणि दिवस सांगतात, त्यापुढचे वेळ. पत्राच्या माथ्यावरची तारीख आणि हा संकेतांक यांत मोठे अंतर असेल तर वरची तारीख कोणीतरी बदलली आहे असे समजावे. आणि तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ निर्णय उघडता येतो. ‘शासन निर्णय आला आहे म्हणे’ यावर चर्चा करीत बसण्याची गरज नाही.

हवामानाच्या इशाऱ्यांचेही असेच होते. सिमला ऑफिसमधून, म्हणजे शिवाजीनगरच्या हवामान खात्याकडून, पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यासाठी इशारा वेगळा दिला जातो. घाटाला लाल इशारा असतो तेव्हा शहराला नारिंगी किंवा पिवळा असू शकतो. मेसेजमध्ये ‘पुण्याला रेड अलर्ट’ एवढेच राहते. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार. २५ जुलै २०२४ ला शिवाजीनगरला सुमारे ११४ मिलिमीटर नोंदला गेला होता आणि पूर तरीही आला, कारण पाणी वरून, घाटातून येत होते. म्हणून घाटाचा इशारा सिंहगड रस्त्याने दुर्लक्षू नये, पण त्याचा अर्थ बरोबर लावावा. ‘आज रात्री दोन वाजता कोथरूडवर ढगफुटी होणार’ असा मेसेज आला तर तो मात्र सरळ खोटा समजावा. ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरांत तासाला शंभर मिलिमीटर पाऊस. एका उपनगराचे नाव आणि घड्याळातली वेळ देऊन ती आदल्या दिवशी सांगता येत नाही.

व्हॉइस नोट सगळ्यात अवघड. तिला फोटोसारखे लेन्सवर शोधता येत नाही, आवाज ओळखीचा वाटतो आणि सुरुवात ठरलेली असते: ‘माझा मेहुणा पाटबंधारेत आहे…’ तिला तीन प्रश्न विचारावेत. कोणते धरण? किती क्युसेक? किती वाजल्यापासून? खऱ्या पत्रकात ही तिन्ही उत्तरे असतातच, कारण खात्याच्या पत्रकाची भाषाच तशी असते: अमुक धरणाच्या सांडव्यावरून नदीपात्रात सुरू असलेला विसर्ग अमुक वाजता वाढवून अमुक क्युसेक करण्यात येत आहे. मेहुण्याच्या निरोपात विशेषणेच जास्त असतात. ‘भयंकर’, ‘प्रचंड’, ‘पानशेतसारखे’. आता संगणकाने कुणाचाही आवाज काढता येतो, हे खरे आहे. पण आमच्या मते पावसाळी अफवांना एवढ्या खटाटोपाची अजून गरज पडलेली नाही.

व्हॉट्सअ‍ॅपने केलेल्या बंधनांवर फार विसंबू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या एका व्हिडिओचे मूळ कराचीत होते. मुलांच्या सुरक्षेसाठी एका संस्थेने केलेली ती जाहिरात होती. शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि सूचना-फलक दाखवतात, तेवढा भाग कापला की उरते ते थेट अपहरण. त्याच महिन्यात भारतात एका वेळी फक्त पाच जणांना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. पाच किंवा अधिक वेळा पुढे गेलेला मेसेज दोन बाणांसह दिसतो आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. हे दोन बाण दिसले की तो मजकूर पाठवणाऱ्याचा नाही, हे नक्की. पण बाण नसले म्हणून तो त्याचाच, असे नाही. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला, स्क्रीनशॉट काढून पाठवला किंवा व्हिडिओ गॅलरीत साठवून पुन्हा चढवला की बाण नाहीसे होतात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. अफवा पिकवणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. गंमत म्हणजे, बाणांची लाज वाटून सज्जन माणसेही कॉपी-पेस्ट करतात.

ग्रुप सांभाळणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट. खोटा मेसेज आला की त्याला ‘रिप्लाय’ करून ‘हे फेक आहे’ लिहू नये. तसे केल्याने तो मेसेज पुन्हा तळाशी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो आणि झोपेतून उठून पाहणारा फक्त वरची ओळ वाचतो. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सर्वांसाठी डिलीट करता येतो. तो आधी काढावा, मग वेगळा मेसेज लिहावा आणि त्याची पहिली ओळ खऱ्या माहितीची असावी: ‘खडकवासला विसर्ग, तारीख अमुक, रात्री ११ वाजता, इतके क्युसेक. पुढचे पत्रक आल्यावर कळवू.’ खोटे काय होते ते त्याखाली एका वाक्यात. खोट्या फोटोवर लाल फुली मारून तो पुन्हा टाकू नये. पुढच्या दोन फॉरवर्डांत फुली कापली जाते. खुलासा चित्रात न देता साध्या मजकुरात द्यावा, म्हणजे तो शोधता येतो, ज्येष्ठांना मोठ्या अक्षरांत वाचता येतो आणि जुना झाल्यावर तारखेवरून ओळखता येतो. धोका टळला की तसा मेसेजही टाकावाच. ‘पाणी वाढतेय’ हा मेसेज सगळे टाकतात. ‘विसर्ग कमी केला’ हा कोणीच टाकत नाही, आणि मग पहाटेपर्यंत पहिलाच फिरत राहतो.

पुराच्या रात्री घाबरून ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’ करण्याची पद्धत पडली आहे. ती आम्हाला पटत नाही. अशा रात्री सगळ्यात मोलाची माहिती तळमजल्यावरच्या माणसाकडे आणि वॉचमनकडे असते: पार्किंगमध्ये पाणी आले का, ड्रेनेजमधून उलटे येतेय का, मीटररूमपर्यंत किती फूट उरले. त्यांचीच तोंडे बंद करून काय साधते? सूचनांचा एक ग्रुप अ‍ॅडमिनपुरता ठेवावा आणि बोलण्याचा दुसरा मोकळा. मोकळ्या ग्रुपवर नियम एकच: स्वतः पाहिलेले असेल तर इमारतीचे नाव आणि वेळ लिहून टाका, ऐकलेले असेल तर कोणाकडून ते लिहा.

कायद्याच्या धमक्यांबद्दल थोडे. ‘आजपासून सर्व मेसेज सरकार वाचणार, तीन निळ्या टिका दिसल्या तर…’ हा मेसेज स्वतःच अफवा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तरी त्याची भीती घालणारे मेसेज फिरतातच. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले आहे. खरा लागू असलेला कायदा कमी लोकांना माहीत असतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीविषयी खोटा इशारा पसरवून घबराट माजवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये लोकांत भीती वा वैर पसरवणाऱ्या खोट्या माहितीला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पण पावसाळी मेसेज पाठवणाऱ्या शंभरातल्या नव्वदांचा हेतू शेजाऱ्याला सावध करण्याचाच असतो. त्यांना कलम दाखवून उपयोग नाही. त्यांच्या हातात पडणारी खरी सूचना चांगली घडवली पाहिजे.

इथे आमची तक्रार दोघांकडे आहे: पत्रके काढणारी कार्यालये आणि, क्षमा असावी, आपल्यासारखी वर्तमानपत्रे.

कार्यालयांकडून विसर्ग बदलला की पत्रक निघते आणि बदलला नाही तर काहीच निघत नाही. मध्यरात्री एक ते पहाटे पाच या वेळेत, जेव्हा लोक खिडकीतून नदीकडे बघत बसलेले असतात, तेव्हा ही शांतता अफवेला मोकळे रान देते. धोक्याच्या दिवसांत दर दोन तासांनी, बदल नसला तरी ‘बदल नाही’ असे पत्रक निघाले पाहिजे. प्रत्येक पत्रकाला अनुक्रमांक हवा आणि ‘याआधीचे क्रमांक अमुकचे पत्रक रद्द’ अशी ओळ हवी. मग कोणी सकाळचे पत्रक रात्री टाकले तरी शाळेतला मुलगासुद्धा सांगेल की हे सातवे आहे, आत्ता अकरावे चालू आहे. तारीख आणि वेळ फक्त माथ्यावर न ठेवता आकड्याला चिकटून, त्याच वाक्यात असावी, कारण कॉपी करणारा नेमके तेच वाक्य उचलतो. ‘आज’, ‘उद्या’, ‘सायंकाळी’ हे शब्द पत्रकातून काढूनच टाकावेत. ‘आज’ हा शब्द रोज खरा असतो. आणि सामान्य माणसाला क्युसेक कळत नाही. त्याला कळते ते ‘भिडे पूल बंद’, ‘नदीपात्रातला रस्ता बंद’, ‘एकतानगरीतल्या तळमजल्यांनी सामान वर घ्यावे’. किती विसर्गाला कुठे पाणी लागते याचा अनुभव महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांना वर्षानुवर्षांचा आहे. तो आकड्याशेजारी छापायला काय हरकत आहे? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या इशारा यंत्रणेमार्फत ठरावीक भागातल्या फोनवर आवाजासह इशारा पाठवण्याची सोय झाली आहे. तो कुणाच्या फॉरवर्डशिवाय येतो, म्हणून त्याची किंमत मोठी. पण तो फार वेळा, जिल्हाभर सरसकट वाजवला तर लोक तो बंद करून ठेवतील.

वर्तमानपत्रांचे म्हणाल, तर छापील अंकाच्या प्रत्येक पानावर तारीख असते. हा तुमचा केवढा मोठा फायदा आहे, आणि संकेतस्थळावर आला की तुम्हीच तो सोडून देता. बातमीचे रंगीत कार्ड बनते: मोठ्या अक्षरांत ‘पुणेकरांनो, सावधान!’, मागे उसळते पाणी, कोपऱ्यात बोधचिन्ह. तारीख कुठेच नाही. ते कार्ड पुढच्या वर्षी तुमच्याच बोधचिन्हासह अफवा बनून फिरते, आणि बोधचिन्ह आहे म्हणून लोक अधिकच विश्वास ठेवतात. मागचे पाणी बहुधा जुने असते; ‘संग्रहित छायाचित्र’ हे शब्द बातमीखाली बारीक अक्षरांत असतात, कार्डावर नसतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याजवळचे नांदेड गाव, किरकटवाडी, सिंहगड रस्ता भागात गुलेन बारी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हाही हेच दिसले. तो आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही, संशय दूषित पाण्यावर होता, पाणी उकळून प्यावे आणि अन्न नीट शिजवावे एवढाच सल्ला होता. तरी ‘चिकन खाऊ नका’चे मेसेज फिरले, त्यांत मथळ्यांचे स्क्रीनशॉटही होते. मथळ्यात गावाचे नाव नव्हते, दिवस नव्हता, आणि आत काय लिहिले आहे ते स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही.

उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक कार्डावर तारीख, वेळ आणि ठिकाण चित्राच्या मध्यावर, पाण्यावरच छापा. काठावर छापली तर ती कापली जाते. जुने छायाचित्र वापरायचेच असेल तर त्याचे वर्ष चित्रावरच टाका. खडकवासल्याच्या बातमीला दुसऱ्या धरणाचे चित्र मुळीच वापरू नका. आणि दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात छापील अंकात अर्धे पान द्या: चार धरणांचे साठे, क्युसेक-टीएमसीचा हिशोब, कोणत्या नदीचे पाणी कोणत्या भागाला लागते, आणि महापालिकेकडून मिळवलेली विसर्गानुसार पाण्याखाली जाणाऱ्या जागांची यादी. ते पान आम्ही लिफ्टशेजारच्या सूचना फलकावर लावू. त्या फलकावर सध्या पाण्याच्या टाकीच्या सफाईची गेल्या वर्षीची नोटीस आहे, तीही बिनतारखेची.

आपले,
सिंहगड रस्ता परिसरातील सोसायट्यांचे काही ग्रुप-अ‍ॅडमिन,
पुणे